आद्य क्रांतिवीर राघोजी भांगरे : मनुष्याचा स्वभाव आणि राज्याचा नियम

मनुष्य मुळातच दुष्ट असून केवळ दंडाच्या भीतीने सन्मार्गावर राहतो, की तो मुळात चांगला असून परिस्थिती त्याला बिघडविते, हा वाद फार जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात मत्स्यन्यायाचा विचार आला आहे. राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो त्याप्रमाणे बलवान दुर्बलाला गिळून टाकील, म्हणून दंड हवा, असा त्याचा आशय. चीन देशात शुन्झी या तत्त्वज्ञाने मनुष्यस्वभाव वाईट असून तो शिक्षणाने व आचारनियमांनी घडवावा लागतो असे प्रतिपादिले, तर त्याच्या पूर्वीच्या मेन्शियसने याच्या अगदी उलट मत मांडले होते. युरोपात हॉब्ज आणि रूसो यांनीही या प्रश्नाच्या दोन बाजू घेतल्या. ग्रंथांतून हा वाद मिटला नाही, आणि तो मिटविण्याचा आमचा अधिकारही नाही. तथापि या प्रश्नाची एक बाजू आमच्या राजूर परिसराने प्रत्यक्ष भोगली आहे. ती भोगणाऱ्यांत अग्रभागी असलेले पुरुष म्हणजे राघोजी रामजी भांगरे. समाजाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, आणि केवळ पराक्रमाचे वर्णन करून न थांबता त्या चरित्रातून या प्रश्नावर काय प्रकाश पडतो तेही पाहावे, असा आमचा हेतू आहे.

राघोजींचे चरित्र त्यांच्या जन्माच्या पूर्वीपासून सांगावे लागते. अकोले तालुक्याचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग म्हणजे आमचे डांगाण. एका अंगास कळसूबाई, एका अंगास रतनगड व हरिश्चंद्रगड, मधून वाहणारी प्रवरा, आणि या सर्व मुलखाची बाजारपेठ राजूर. भात, नागली आणि वरई यांवर जगणारा महादेव कोळी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आला. गडांची राखण, घाटवाटांचा बंदोबस्त आणि त्याबद्दल मिळणारे हक्क हे आमच्या नाईक घराण्यांचे मानाचे व निर्वाहाचे साधन होते.

इसवी सन १७६० च्या सुमारास राजूरच्या जावजी नाईक बांबळे यांनी पेशवे सरकारविरुद्ध बंड पुकारले. सुमारे वीस वर्षे ते डोंगरात राहिले. त्यांच्यावर फौजा गेल्या आणि पराभूत होऊन परतल्या. त्यांच्या टोळ्यांनी लूटमारही पुष्कळ केली, आणि ती सोसणाऱ्या गावांचे हाल झाले हेही खरे. अखेर तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने जावजींना माफी मिळाली. एवढ्यावर न थांबता साठ गावांचा लष्करी व पोलिसी बंदोबस्त त्यांच्याकडे सोपविण्यात आला, आणि लुटारूंना देहान्त शासन देण्यापर्यंतचा अधिकारही त्यांना देण्यात आला. ज्याला काल फौज पकडू शकत नव्हती, त्याच्याच हाती आज इतरांना पकडण्याचे काम आले. माणूस तोच होता, डोंगरही तेच होते. सरकारचा त्याच्याशी असलेला व्यवहार तेवढा बदलला होता.

याच्या उलट प्रकारही याच राजुरात घडला. १७९८ मध्ये भांगरे घराण्यातील बंधूंनी बंड केले. त्यांपैकी वाळोजी भांगरे पकडले गेले आणि राजूर येथे त्यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. बंड मोडावे व इतरांस दहशत बसावी हा त्यामागचा उद्देश. दहशत बसली नाही. वाळोजींचे बंधू रामजी हे अधिक कुशल नेते होते आणि ते हाती लागेनात. शेवटी सरकारने त्यांना माफी देऊन पोलिसी अधिकार दिला, आणि ते काम रामजींनी उत्तम रीतीने केले. एकाच घरातील दोन भावांपैकी एक तोफेच्या तोंडी गेला आणि दुसरा मुलखाचा रखवालदार झाला. यांपैकी कोणाचा स्वभाव मुळात दुष्ट म्हणावयाचा? हे रामजी म्हणजेच राघोजींचे वडील, असे आमच्या समाजात परंपरेने सांगितले जाते.

राघोजींचा जन्म ८ नोव्हेंबर १८०५ रोजी देवगाव येथे झाला. ते बारा वर्षांचे असताना, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारचा अंमल सुरू झाला. नव्या सरकारचा कारभार पुष्कळसा कागदावर चालणारा होता. गडांवरील शिबंदी अनावश्यक ठरली, तेव्हा ती कमी झाली. नाईकांचे परंपरागत हक्क व नेमणुका यांस कात्री लागली. शेतसारा रोख रकमेत आणि ठरल्या मुदतीत भरावयाचा, पीक आले किंवा न आले तरी. डांगाणात रोख रक्कम होती कोणाजवळ? ती सावकाराजवळ. कर्जरोखा लिहून दिला म्हणजे दिवाणी न्यायालय तो वाचून हुकूमनामा देई. कर्जदाराला लिहिता-वाचता येत नाही, रोख्यातील आकडा त्याने पाहिलेला नाही, याची दखल त्या नियमात नव्हती. नियम सर्वांस समान होता असे म्हणावयाचे. पण तो एकाला वाचता येत होता आणि दुसऱ्याला येत नव्हता.

याचे पर्यवसान लवकरच दिसून आले. १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे व रामा किरवे यांच्या पुढारीपणाखाली कोळ्यांचा मोठा उठाव झाला. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांनी तो मोडून काढला आणि रामा किरवे यांना अहमदनगर येथे फाशी देण्यात आले. त्या वेळी राघोजी पंचविशीच्या आत होते. ज्या वडिलांनी पूर्वीच्या राज्यात माफीनंतर मुलखाची राखण केली, तेच नव्या राज्यात पुन्हा बंडखोर झालेले त्यांनी पाहिले. राघोजींनी स्वतः काही काळ सरकारी पोलिसात चाकरी केली आणि आपल्या योग्यतेची जागा दुसऱ्यास दिली गेल्याने ते दुखावले, असे आमच्या खोऱ्यांतून सांगितले जाते. हक्क गेला, मान गेला आणि शेत सावकाराच्या वहीत गेले, अशा स्थितीत त्यांनी घर सोडले.

१८४४ मध्ये राघोजी आणि बापूजी भांगरे यांच्या टोळ्यांनी अहमदनगर, पुणे, नाशिक व ठाणे या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यांत सरकारला सळो की पळो करून सोडले. एका चकमकीत राघोजींच्या लोकांनी पोलिसांचा एक अंमलदार व दहा शिपाई ठार केले. सावकार हे त्यांचे मुख्य लक्ष्य होते. कित्येक ठिकाणचे सावकार खेडी सोडून मोठ्या गावांच्या आश्रयास गेले. सावकारांची नाके कापल्याच्या घटनाही घडल्या, आणि या ठिकाणी आम्हांस थोडे थांबणे अवश्य वाटते.

समाजाच्या समारंभांतून राघोजींच्या पराक्रमाचे वर्णन होते, परंतु नाके कापल्याची गोष्ट बहुधा वगळली जाते. ती वगळू नये असे आमचे मत आहे. नाक कापणे हे क्रूर कृत्य होय. ज्याचे नाक गेले तो सावकार लबाड असेलही. पण त्याची चौकशी कोणी केली नव्हती, त्याला आपली बाजू सांगण्याची संधी मिळाली नव्हती. जे दहा शिपाई पडले त्यांतही कोणी गरिबाघरचे, पोटासाठी चाकरी करणारे असलेच पाहिजेत. राघोजी स्त्रियांच्या अब्रूला जपत आणि गोरगरिबांना त्रास देत नसत, ही आठवण आमच्या वाडीवाडीतून आजही सांगितली जाते, आणि ती खरी मानण्यास आम्हांस आनंद वाटतो. परंतु याचा अर्थ एवढाच की बंडातही त्यांना नियमाची गरज भासली. ज्याने सरकारचा कायदा झुगारला त्याने आपल्या लोकांना दुसरा कायदा घालून दिला. नियमावाचून शंभर माणसे डोंगरात एकत्र राहू शकत नाहीत. मनुष्य मुळात चांगला आहे, म्हणून त्याला नियमच नकोत, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१८४५ मध्ये बापूजी पकडले गेले. राघोजी मात्र पुढे दोन वर्षांहून अधिक काळ हाती लागले नाहीत. डोंगरातील लोकांनी त्यांना अन्न दिले, निवारा दिला, आणि पोलिसांना वाट दाखविण्याचे नाकारले. असे वागण्यात त्यांना कोणता लाभ होता? बक्षीस सरकारकडून मिळण्यासारखे होते आणि मारही सरकारकडूनच मिळण्यासारखा होता. तरीही लोक गप्प राहिले. माणूस केवळ भीती व लोभ यांवर चालतो असे मानणाऱ्यांना या मौनाचा उलगडा करता येणार नाही. अखेर २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपूर येथे, वेषांतर करून राहिले असता, लेफ्टनंट गेल या अधिकाऱ्याने त्यांना पकडले. ठाण्यास त्यांच्यावर खटला चालला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आले. त्यांचे वय तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते.

चरित्र येथे संपते, परंतु आमचा प्रश्न येथे संपत नाही. सरकारी दप्तरात राघोजी दरोडेखोर म्हणून नोंदले गेले. एका माणसाने केलेल्या कृत्याबद्दल त्यास शिक्षा करणे ही एक गोष्ट. ते प्रत्येक राज्य करते. परंतु पुढे इंग्रज सरकारने याहून फार मोठे पाऊल टाकले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू करण्यात आला. अमुक जातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार, त्याचे नाव नोंदवहीत लिहावयाचे, त्याने ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही, असा तो प्रकार होता. मनुष्यस्वभाव दुष्ट आहे हे मत तत्त्वज्ञांनी निदान सर्व मानवजातीविषयी मांडले होते. या कायद्याने राज्य करणाऱ्याचा स्वभाव चांगला आणि काही जमातींचा मात्र रक्तातूनच वाईट अशी वाटणी केली. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, तरी त्याने लावलेला कलंक पुष्कळ जमाती अद्याप धुवून काढीत आहेत.

ही समजूत चुकीची होती हे दाखविण्यास सरकारचाच इतिहास पुरेसा आहे. राघोजींना फाशी देऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तोच १८५७ च्या धामधुमीत त्याच सरकारला डोंगरपट्ट्यात विश्वासू माणसांची गरज पडली. तेव्हा कॅप्टन नटॉल यांनी याच भागातील महादेव कोळ्यांचे एक दल उभारले. त्याची संख्या सहाशेपर्यंत गेली. शिस्त, चपळता आणि लांब मजला मारण्याची ताकद यांबद्दल त्या दलाची वाखाणणी झाली, आणि १८६१ मध्ये ते मोडले तेव्हा माणसे शांतपणे आपल्या शेतीकडे परतली. ही चाकरी कोणाविरुद्ध होती हे आम्ही जाणतो, आणि ती अभिमानाने सांगावयाची गोष्ट नव्हे. आम्ही ती केवळ पुरावा म्हणून येथे मांडतो. ज्या वाड्यांतून राघोजींचे साथीदार निघाले, तशाच वाड्यांतून हे शिपाई निघाले. दहा वर्षांत रक्त बदलत नाही.

दुसरा पुरावा १८७५ चा आहे. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. हे शेतकरी कोणी बंडखोर नाईक नव्हते. साधे कुणबी, माळी असे कष्टकरी लोक होते. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता; रोखे मिळाले की ते जाळावयाचे आणि सावकाराच्या जिवाला सहसा हात लावावयाचा नाही. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला. न्यायालयाने केवळ रोखा न पाहता कर्जाच्या मूळ व्यवहारात शिरावे, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे राघोजींनी ज्या दुखण्यावर कोयता उचलला, ते दुखणे नियमातच होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी सरकारने कायद्यानेच कबूल केले. ही कबुली १८४४ पूर्वी मिळाली असती तर कित्येक सावकारांची नाके, कित्येक शिपायांचे प्राण आणि स्वतः राघोजी वाचले असते, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे पाहू. आमचा समाज पूर्वी नियमावाचून राहत होता काय? मुळीच नाही. मॅकिंटॉश यांनी आमच्या समाजाचा जो विस्तृत वृत्तांत लिहिला, त्यात जुन्नरकडील गोतारणी या ज्ञातिसभेची माहिती आहे. तिचा अध्यक्ष रगतवान, त्याच्या मदतीस मेटाल, गावोगाव फिरून लोकांच्या वर्तनाची चौकशी करणारा सबला, आणि आणखीही मानकरी होते. सभेचा निर्णय जो मानीत नसे त्याच्या दारापुढे उंबराची किंवा जांभळीची फांदी ठेवीत. त्याउपर न ऐकल्यास दाराला मेलेल्या गाईचे हाड बांधीत, म्हणजे तो जातीबाहेर झाला. परंतु त्यास परत येण्याचा मार्ग मोकळा असे. दोषी शरण आला, त्याने दंड भरला, की त्याच्या घराची शुद्धी होई, जुनी मातीची भांडी बाहेर काढली जात आणि तो पुन्हा पंगतीस बसे. आमच्या पूर्वजांनी माणूस चुकतो हे गृहीत धरले होते; तो कायमचा बिघडलेला आहे असे मात्र गृहीत धरले नव्हते. फांदी आधी आणि हाड नंतर, हा क्रम फार विचाराने घातलेला आहे.

तथापि जुने ते सर्व सोने असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. ज्ञातिसभेचे अधिकार वंशपरंपरेने चालत. जिच्या वर्तनाची चौकशी होई त्या स्त्रीला सभेत बसण्याचा अधिकार असल्याचे कोठे दिसत नाही. बहिष्काराचे शस्त्र अनेक जातींत पुढे दुबळ्यांवरच चालले, आणि म्हणूनच महाराष्ट्र शासनाला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा करावा लागला. तो योग्यच झाला. कंपनी सरकारच्या नियमात जो दोष होता, तोच आमच्याही नियमात शिरू शकतो. ज्याच्यावर नियम चालावयाचा त्याला तो करण्यात वाटा नसला, आणि नियम चालविणाऱ्यावर स्वतःवर कोणाचा नियम नसला, की सरकारी कचेरी काय अन् ज्ञातिसभा काय, दोन्ही सारखीच जुलमी होतात.

येणेप्रमाणे विचार करता आम्ही या निर्णयाप्रत येतो की मनुष्यात लोभ, क्रोध आणि सूड आहे, म्हणून नियम अवश्य हवा. सावकाराच्या लोभाला नियम नव्हता म्हणून शेतकरी नागवला गेला, आणि राघोजींच्या लोकांच्या क्रोधाला पुरेसा नियम नव्हता म्हणून नाके कापली गेली. परंतु मनुष्यात लाज, निष्ठा आणि विश्वासाला जागण्याची बुद्धीही आहे. जावजी, रामजी आणि त्या सहाशे शिपायांनी ती दाखवून दिली. जो नियम पहिल्या गोष्टीलाच तेवढे ओळखतो आणि दुसरीला ओळखत नाही, तो ज्या दुष्टपणाला आवर घालावयास निघतो तोच दुष्टपणा निर्माण करतो. राघोजी हे जन्मतः दरोडेखोर नव्हते, तसे ते देवपुरुषही नव्हते. अन्यायाचा नियम आणि न्यायाची वाट बंद, या दोहोंमध्ये सापडलेले ते एक मानी व शूर पुरुष होते. अशा रीतीने पाहिले असता त्यांचे मोठेपण कमी होत नाही, आणि त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ उरते.

आज परिस्थिती बदलली आहे. महादेव कोळी समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. राजूर येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आमची मुले-मुली शिकत आहेत, आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनास दूरदूरचे लोक येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस जे अधिकार मिळाले, त्यांत मादक पदार्थांवर निर्बंध घालणे आणि आदिवासींस कर्ज देणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवणे हेही अधिकार आहेत. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ मध्ये झाले. ज्या प्रश्नासाठी राघोजींना डोंगरात जावे लागले, तो प्रश्न आता गावाच्या चावडीवर बसून, कागदावर लिहून, स्त्री-पुरुषांनी हात वर करून सोडवावयाचा आहे. ग्रामसभेस चार माणसे यावीत आणि ठरावावर शंभर सह्या मागाहून घेतल्या जाव्यात, असे जेथे होते तेथे नियम पुन्हा दुसऱ्याच्या हाती जातो.

म्हणून समाजातील प्रत्येक कुटुंबास आमची नम्र विनंती अशी की दरवर्षी २ मे रोजी राघोजींच्या प्रतिमेस हार घालतानाच त्या महिन्यातील ग्रामसभेस घरातील सर्व प्रौढ व्यक्तींनी, विशेषतः स्त्रियांनी, हजर राहावे. ठराव वाचून पाहावा. वाचता येत नसेल त्यास शिकलेल्या मुलाने वाचून दाखवावा. आणि आपल्यातील एखादा तरुण वाट चुकला, दारूच्या किंवा चोरीच्या नादी लागला, तर त्याच्या दारास हाड बांधण्यापूर्वी त्याला परत येण्याची वाट दाखवावी. जावजींना ती मिळाली, रामजींना मिळाली, राघोजींना मिळाली नाही. आमच्या हातून ती कोणालाही नाकारली जाऊ नये, एवढेच या चरित्राच्या अंती मागणे आहे.